अपघाताला १४ महिने झाले, भावासाठी मेंदूच्या मशीनचं ३० सेशनचं पॅकेज घ्यावं का?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मागून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात परत लिहिते. धाकटा भाऊ, वय २७, बार्शीजवळ टेम्पोने कट मारला, हेल्मेट नव्हतं. डोक्याचं ऑपरेशन झालं, कवटीचं हाड काढून ठेवलं होतं ते चार महिन्यांनी परत बसवलं. आता उजवा पाय ओढत चालतो, उजवा हात खांद्यातून उचलतो पण बोटं मुठीत वळलेली, बोलतो पण सावकाश, आणि फिटच्या गोळ्या चालू आहेत. चिडतो फार. पुण्यातल्या एका सेंटरने "मशीनने मेंदू रीस्टार्ट होतो" म्हणून ३० सेशनचे १ लाख २० हजार सांगितलेत, मेडिक्लेमवाल्यांनी हात वर केलेत, वडील सोनं मोडायला निघालेत. आणि तुम्ही विचारताय की करावं का, आणि कुठे स्वस्तात किंवा योजनेत होतं का.

मी न्यूरो फिजिओ आहे, १९ वर्षं झाली. पहिली सहा मुंबईत महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये, मधली दोन हीच मशीन असलेल्या एका सेंटरला, आणि आता मिरजेकडे स्वतःचं काम. औषधांबद्दल खाली जे लिहिलंय ते तुमच्या न्यूरोच्या डॉक्टरांना विचारायला म्हणून, घरी बदल करायला नाही.

मला विचाराल तर तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न अडकलेत. मशीन कुठे मिळेल, हा सोपा आहे, आता जिल्ह्याच्या ठिकाणीही मानसोपचारवाल्यांकडे असते. पण मशीन बंद झाल्यावर पुढचा दीड-दोन तास त्या हातावर कोण काम करणार, रोज, महिनोन्महिने, ते मिळणं खरं अवघड आहे आणि पॅकेजच्या कागदावर नेमकं तेच नसतं.

आधी हे काय असतं ते सांगते, कारण लोक सगळ्यालाच "मेंदूला करंट देतात" म्हणतात. तुम्हाला सांगितलंय ते बहुतेक आरटीएमएस. डोक्यावर इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल धरतात, त्यातून चुंबकीय ठोके जातात, टक् टक् टक् असा आवाज, कानात बोळे घालून बसायचं. गुंगी नाही, भूल नाही. शॉक ट्रीटमेंट ती वेगळी, घरच्यांना आधी हे समजावून सांगा, गावाकडे त्या एका शब्दाने निम्मी माणसं परत जातात. ही टेक्निक १९८५ ला इंग्लंडात शेफिल्डला निघाली आणि अमेरिकेत २००८ ला मान्यता मिळाली ती डिप्रेशनसाठी. दुसरी टीडीसीएस, ती बॅटरीवरची, ओले स्पंज डोक्याला लावून दोन मिलिअँपिअरपर्यंत सौम्य करंट. आणि फिजिओकडे हाताला पॅड लावून करंट देतात ते तिसरंच, ते स्नायूला आणि नसेला देतात, मेंदूला नाही. ते स्वस्त आहे आणि त्याला कमी समजू नका, खाली येते त्यावर.

आता फायदा होतो का. इथे प्रामाणिकपणे सांगायचं तर पुराव्याचा मोठा भाग पॅरालिसिसचा, म्हणजे स्ट्रोकचा आहे, डोक्याच्या माराचा नाही. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२० साली सगळे अभ्यास चाळून आरटीएमएसची यादी केली, त्यात हाताच्या हालचालीसाठी सगळ्यात वरचा दर्जा मिळाला तो स्ट्रोकनंतरच्या सुरुवातीच्या काही महिन्यांतल्या पेशंटना, तोही चांगल्या बाजूचा मेंदू हळू ठोक्यांनी शांत करण्याच्या पद्धतीला. म्हणजे कल्पना अशी की एक बाजू दुखावली की दुसरी जास्त दादागिरी करते, तिला जरा गप्प बसवायचं. ऐकायला पटतं. पण अमेरिकेत जवळपास २०० स्ट्रोक पेशंटवर हीच पद्धत नीट तपासली, त्याचा निकाल २०१८ ला आला, त्यात खरी मशीन लावलेले आणि खोटी, म्हणजे खरे ठोके न देणारी, लावलेले दोन्ही गट सारखेच सुधारले, कारण दोघांनाही सोबत भरपूर थेरपी मिळाली होती! आणि तुमच्या भावाच्या बाबतीत तर हा तराजूचा हिशोबच डळमळीत, कारण गाडीवरून पडल्यावर मेंदू आत हिसका खातो, धागे दोन्ही बाजूंचे तुटलेले असू शकतात. चांगली बाजू म्हणून जी गप्प करायची ती खरंच चांगली आहे का, हे त्याचा एमआरआय आणि तपासणी न करता कोण सांगणार?

म्हणून "रीस्टार्ट" शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. मेंदू म्हणजे काय मोबाइल आहे का?

दुसरी एक गोष्ट तुम्हाला कोणीतरी दाखवेलच, मानेतल्या व्हेगस नसेला वायर लावून छातीत बॅटरी बसवायची. अमेरिकेत ऑगस्ट २०२१ ला त्याला हातासाठी मान्यता मिळाली, पण रक्ताची गुठळी होऊन आलेल्या जुन्या स्ट्रोकपुरती. त्या चाचणीत १०८ जण होते, सगळ्यांना ऑपरेशन करून यंत्र बसवलं, निम्म्यांचं खरं चालू ठेवलं. सहा आठवडे सेंटरला कसून थेरपी, मग घरी. तीन महिन्यांनी खऱ्या गटातले ४७ टक्के लोक डोळ्यांत भरेल इतके सुधारले होते, आणि नुसत्या थेरपीवाल्यांतले २४ टक्के. ही चाचणी मला दोन कारणांनी आवडते. एक, त्यात ९ महिन्यांपासून १० वर्षांपर्यंतचे जुने पेशंट होते, म्हणजे "वर्ष झालं, आता काही होणार नाही" हे तुम्हाला ज्याने सांगितलं त्याचं ऐकू नका. दोन, ठोका थेरपिस्ट बटण दाबून देत होता, पेशंट हालचाल करत असतानाच, दर हालचालीला. ठोका आणि काम एकत्र. आणि नुसत्या कामावर सुधारलेले ते २४ टक्के विसरू नका, ते काम बार्शीतही होऊ शकतं.

बाकी जिभेवर ठेवायचं यंत्र आहे, त्याला डोक्याच्या मारासाठी अमेरिकेत २०१९ ला नकार मिळाला. मेंदूच्या आत वायर टाकून केलेल्या उपचाराची २०२३ ला बातमी आली होती, ती ५ जणांवरची, आणि लक्ष आणि विचाराचा वेग यासाठी. आशा वाटावी अशी, पण संशोधनच. ती स्पंजवाली टीडीसीएस यूट्यूबवर पाहून ९ व्होल्टच्या बॅटरीने घरी करणारे महाभाग आहेत, ते कृपा करून नको. ज्या कवटीला कापलेल्या कडा आहेत तिथून करंट कसा वळेल याचा भरवसा नसतो.

माझ्या सेंटरच्या दिवसांतलं एक सांगते, कुठलं सेंटर ते जाऊ दे. तिशीतला एक पेशंट यायचा, एसटीने तीन तासांवरून, बायकोबरोबर. वीस मिनिटं मशीन, मग खाली कॅन्टीनला चहा, आणि साडेबाराची गाडी. ज्या तासात तो हात कामाला लावायचा तो तास एसटीच्या खिडकीशी जायचा! आमच्याकडे फिजिओची खोली होती पण पॅकेजमध्ये नव्हती, वेगळे पैसे, आणि त्याच्याकडे वेगळे पैसे नव्हते. वीस सेशन झाले. शेवटच्या दिवशी मी त्याच्यापुढे स्टीलचा पेला ठेवला, पहिल्या दिवशी ठेवला होता तोच. अंगठा पेल्याच्या कडेपर्यंत जायचा आणि बोटं उघडायच्या ऐवजी अजून आवळायची, पहिल्या दिवशीसारखीच. बायको म्हणाली, "मॅडम, अजून दहा घेतले तर?" माझ्या वरच्यांनी हो म्हणायला सांगितलं होतं. मी नाही म्हणाले, पण ते वीस झाल्यावर, आधी नाही. ते अजून टोचतं. घरी येणारा फिजिओ त्यांनी पैसे संपले म्हणून बंद केला होता, हे मला तेव्हा कळलं.

आता उलटंही सांगते. त्याच मशीनवर काहींचा हात हललेला मी पाहिलाय. त्यांच्यात दोन गोष्टी सारख्या होत्या, आधीपासून बोटात थोडी तरी जान होती आणि मशीनवरून उठून थेट टेबलावर कामाला बसायचे. मशीनमुळे किती आणि कामामुळे किती, हे मला त्या खोलीत बसून सांगता आलं नसतं आणि कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो विकतोय.

तर पैसे भरायच्या आधी काय पाहायचं. सगळ्यात आधी सेफ्टी. हाड परत बसवलं ते त्याचंच की टायटॅनियमची जाळी, आत क्लिप आहे का, पाणी काढायची शंट आहे का, ऑपरेशननंतर कधी फिट आली होती का की गोळ्या नुसत्या खबरदारीच्या आहेत. गंभीर मार लागलेल्यांत पाच वर्षांत साधारण दहातल्या एकाला आकडी येते, आणि आरटीएमएसने आकडी यायची शक्यता एरवी फार कमी असली तरी अशा डोक्यात ती जास्त धरावी लागते. ज्या सेंटरने डिस्चार्ज कार्ड न वाचता पॅकेजचा आकडा सांगितला, तिथून उठून या. तुमच्या लिहिण्यावरून मला वाटतंय की तसंच झालंय.

मग बोट. कॉइल डोक्यावर डाव्या बाजूला धरून एकेक ठोका देत उजव्या हाताचा अंगठा उडतो का हे बघता येतं, त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. उडत असेल तर रस्ता काही प्रमाणात शाबूत आहे. काहीच उडत नसेल तर माझा उत्साह बराच कमी होतो, म्हणजे संपला असं नाही, पण सव्वा लाखाचा नाही. ही एक तपासणी पैसे देऊन स्वतंत्र करून मिळते का ते विचारा. नाही म्हणाले तर त्यातही उत्तर आहे. आणि विचारा की ठोक्यांनंतर लगेच हाताची थेरपी कोण देणार, किती वेळ, त्याच पैशात का. पहिल्या दिवशी आणि दहाव्या सेशनला काय मोजणार. आम्ही हाताला ६६ मार्कांची एक तपासणी करतो, किंवा एका मिनिटात लाकडी ठोकळे किती उचलून पलीकडे टाकले ते मोजतो, काहीही चालेल पण आकडा हवा. "फ्रेश वाटतंय" हा आकडा नाही. दहा सेशनला आकडा हलला नाही तर उरलेले पैसे परत, हे लिहून घ्या.

बोटं मुठीत वळलीत ना, तिथे आणखी एक गोची आहे. ती नसेची ताठरता आहे की सांधेच आखडलेत हे आधी बघायला हवं. ताठरता असेल तर बोटॉक्सचं इंजेक्शन आणि रात्रीचा स्प्लिंट, म्हणजे बोटं सरळ धरून ठेवणारी पट्टी, यांनी मूठ सैल होते आणि मग व्यायामाला जागा मिळते. आखडलेल्या मुठीवर डोक्यातून कितीही ठोके द्या, दार बाहेरून बंद आहे. स्प्लिंट, ऑक्युपेशनल थेरपी यासाठी मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट आहे, फिजिकल मेडिसिनची, १९५५ पासूनची. चार्जेस परवडतात. एकदा दोन दिवस काढून तिथे दाखवून आणाच.

आणि त्याची चिडचिड. फिटच्या गोळीचं नाव बघा. लेव्हेटिरासिटाम असेल तर त्या औषधानेच काहींना फार राग येतो, घरचे म्हणतात अपघाताने स्वभाव बदलला आणि प्रत्यक्षात निम्मा राग गोळीचा असतो. स्वतःहून बंद अजिबात करू नका, फिट येईल, पण डॉक्टरांना सांगून पर्याय विचारा. तसंच फार थकवा असेल तर थायरॉइड आणि बाकी हार्मोन एकदा तपासून घ्या, डोक्याच्या मारात पिट्यूटरीला, म्हणजे मेंदूखालच्या हार्मोनच्या ग्रंथीला, धक्का बसू शकतो आणि महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. आणि मन खरंच खचलं असेल तर त्याची वेगळी ट्रीटमेंट आहे. चिडलेला, थकलेला माणूस रोज दोन तास व्यायाम करत नाही.

आता पैसे. मेडिक्लेमवाल्यांनी हात वर का केले ते सांगते. विमा नियामकाने २०१९ ला १२ आधुनिक उपचारांची यादी काढली जे कंपनीला सरसकट नाकारता येत नाहीत, फार तर मर्यादा घालता येते. गंमत बघा, त्यात मेंदूत वायर टाकायची डीबीएस आहे, आरटीएमएस नाही. वर हे ओपीडीत होतं, ॲडमिशन नाही, त्यामुळे साध्या पॉलिसीत बसत नाही. तुमच्या पॉलिसीत ओपीडी कव्हर आहे का तेवढं बघा. सेंटरवाला म्हणाला "आम्ही ॲडमिट दाखवून क्लेम करून देतो" तर तिथूनही उठा, उद्या खऱ्या ऑपरेशनला पॉलिसीच रद्द होईल.

महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे पण ती ठरलेल्या पॅकेजवर चालते. आरटीएमएस त्यातून मिळालेला माझा एकही पेशंट नाही. तरी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, फुकट आहे विचारणं. भाऊ कुठे कंपनीत होता आणि ईएसआय कापला जात होता का? असेल तर ते रेफरल देऊ शकतात. सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात डिप्रेशनसाठी मशीन असते काही ठिकाणी, खाजगीपेक्षा खूप कमी पैशात, हातासाठी लावतील का हे तिथल्या डॉक्टरांवर. आणि देशातल्या क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंद असते, सीटीआरआय म्हणून, ती साइट उघडून हेड इंज्युरी आणि आरटीएमएस शोधा. ट्रायलमध्ये उपचाराचे पैसे घेत असतील तर काहीतरी गडबड आहे. फक्त एक समजून जा की तिथे तुमच्या वाट्याला खोटी मशीनही येऊ शकते.

आणि दादा, तुम्ही जे विचारलंच नाही ते. टेम्पोने कट मारला म्हणता, मग मोटार अपघात ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे भरपाईच्या कोर्टात, क्लेम टाकलाय का? अपघात दाव्यात पुढच्या उपचारांचा खर्चही मागता येतो, फिजिओचा सुद्धा. एप्रिल २०२२ पासून अर्जाला ६ महिन्यांची मुदत आहे, त्यावर कोर्टात वाद झालेत, आणि पोलिसांनी अपघाताचा अहवाल ट्रिब्युनलला पाठवला असेल तर तोच अर्ज म्हणून धरायची तरतूद आहे, म्हणून "वर्ष उलटलं, गेलं" असं घरबसल्या ठरवू नका, या आठवड्यात वकील गाठा. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधाची प्रत्येक चिठ्ठी, रिक्षाच्या पावत्यासुद्धा. तुमच्या फिजिओकडून लिहून घ्या की किती महिने, आठवड्याला किती वेळा, किती रुपये. मी अशी पत्रं पुष्कळ दिलीत, कोर्टात त्यांचा उपयोग झालेला पाहिलाय. सोनं मोडण्याआधी हा रस्ता बघायचा.

मी तुमच्या जागी असते तर. सव्वा लाख राहू द्या बाजूला, बार्शीत घरी येणारा फिजिओ ५०० घेतो असं धरा, १ लाख २० हजारांत २४० वेळा येईल. पुण्याला दीड महिना खोली, जेवण, तुमची बुडालेली मजुरी, हे धरलं तर जास्तच. तेव्हा आधी तीन महिने कसून काम. मूठ सैल करून घ्यायची. मग बोट उघडायच्या स्नायूंवर ते करंटचे पॅड, पण नुसतं पडून घ्यायचे नाहीत, करंट आला की त्याने स्वतः बोटं उघडायचा प्रयत्न करायचा, जसं त्या व्हेगसवाल्या चाचणीत तसं. बोटं थोडी जरी उघडायला लागली की दिवसातले काही तास चांगल्या हातात जाड मोजा घालून ठेवायचा आणि सगळं उजव्याने, अमेरिकेत २००६ ला २२२ स्ट्रोक पेशंटवर हे पद्धतशीर केलं आणि फरक पडला होता, खर्च एका मोज्याचा. त्रास होतो, पेशंट शिव्या देतो, चालू द्या. तोल जात असेल तर उभ्याने मोजा घालू नका.

तीन महिन्यांनी अंगठ्यात हालचाल असेल, ठोक्याला अंगठा उडत असेल, सर्जन आणि न्यूरोलॉजिस्ट हरकत नाही म्हणाले, आणि सेंटर लगेच नंतर थेरपी देत असेल, तर दहा सेशन करून बघायला माझी ना नाही. दहा, तीस नाही. आणि हाताशी असलेल्या पैशातून, मोडलेल्या सोन्यातून नाही. यातलं एक जरी नसेल तर मी नाही करणार.

आत्ता एवढं करा. गोळ्यांची नावं, हाड त्याचं की जाळी, आणि शेवटचा सीटी कधी झाला ते इथेच खाली लिहा. आणि हात टेबलावर ठेवून "बोटं उघड" म्हणून तीस सेकंदांचा व्हिडिओ काढा, चेहरा येऊ देऊ नका, फक्त कोपरापासून पुढे. एकदा नुसतं, आणि एकदा मनगट खाली वाकवून. वाकवल्यावर बोटं थोडी सैल होत असतील तर ते मला बघायचंय.